टेक्सासचा फुटबॉल आणि आमची डिचोलीची पहिली बस

माझा मावसभाऊ डॅलसजवळ राहतो, आणि चवथीला गोव्यात घरी आला की दोन गोष्टी ठरलेल्या, गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली उभं राहून फोटो आणि जेवणं झाल्यावर ओसरीवर त्यांच्या कॉलेज फुटबॉलचं पुराण. आधी मी नुसता हसायचो. फुटबॉल म्हणायचं, बॉल हातात घेऊन पळायचं, पाय लावणार एकदोघेच! पण यंदा त्याने खेळाऐवजी पोरं कुठून उचलतात ते सांगायला घेतलं आणि मी सुपारी कातरायची विसरलो.

तिकडची कॉलेज टीम म्हणजे आपली आंतरकॉलेज स्पर्धा नव्हे. कोच लोक शाळाशाळांतून फिरतात, सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना तीन स्टार, चार स्टार, पाच स्टार असे हॉटेलासारखे स्टार मिळतात आणि मग कोण कुठे सही करतो यावर अख्खी गावं वाद घालतात. यातली बरीच पोरं ठरावीक राज्यांतूनच येतात, टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया, कॅलिफोर्निया. लोकसंख्येच्या मानाने बघितलं तर लुइझियाना-मिसिसिपीसारखी गरीब राज्यं पण मागे नाहीत. उलट नेब्रास्काची कॉलेज टीम घ्या, १९९४, ९५ आणि ९७ ला देशात पहिले, पण राज्यात माणसंच कमी, त्यामुळे वेगाने पळणारी पोरं आणायला त्यांना शेकडो मैल बाहेर जावं लागतं.

कारण काय? भाऊ म्हणाला, हवा. ते खरंय थोडं. फ्लोरिडा, जॉर्जियाकडे शाळांना वसंतातसुद्धा रीतसर प्रॅक्टिस करता येते, कोच तेव्हाच येऊन बघून जातात, आणि वर उत्तरेत तेव्हा मैदानावर एकतर बर्फ नाहीतर चिखल. पण हवेने स्टेडियम बांधून होत नाही ना. डॅलसजवळच्या अ‍ॅलन गावात एका शाळेचं स्टेडियम आहे, २०१२ ला उघडलं, सहा कोटी डॉलर खर्च, १८ हजार लोक बसतील एवढं. शाळेचं! आमच्या शाळेला गोलपोस्ट होते ते बांबूचे, तेपण अर्धे शिगम्याच्या मांडवाला गेले.

मग त्याने बेल ग्लेडची गोष्ट सांगितली. फ्लोरिडात ओकीचोबी तलावाच्या काठी काळ्या मातीचा उसाचा पट्टा आहे, बेल ग्लेड आणि पाहोकी ही दोन छोटी गावं, त्यातून कितीतरी पोरं एनएफएलपर्यंत, म्हणजे तिकडच्या व्यावसायिक लीगपर्यंत गेली, अँक्वान बोल्डिन त्यातलाच. कापणीआधी उसाला आग लावतात, ससे बाहेर पळतात आणि पोरं त्यांच्या मागे धावून धावून चपळ होतात अशी ती प्रसिद्ध कथा. ऐकायला मस्त. पण मला विचाराल तर सशांना उगाच जास्त श्रेय दिलंय. ऊस आमच्या सांग्यातपण होता, संजीवनी कारखान्याला जायचा, रानडुकरांच्या मागे पोरं पळालीच असतील की, कोणी स्टार दिले? बेल ग्लेडला बाहेरचा कोच गाडी घेऊन येतो, कारण त्याला माहीत असतं तिथे काहीतरी आहे, आणि तो येतो हे पोरांना माहीत असतं.

सगळ्यात जास्त मला साठच्या दशकातलं लक्षात राहिलं. तेव्हा दक्षिणेतल्या बहुतेक मोठ्या कॉलेजांत काळ्या पोरांना टीममध्ये घेतच नव्हते, टेक्सास युनिव्हर्सिटीवाले १९६९ ला राष्ट्रीय विजेते झाले तेव्हा टीम अख्खी गोरी. मग ती पोरं खेळायची सोडून बसली काय? उत्तरेतल्या मिशिगन स्टेट कॉलेजचे डफी डॉगर्टी नावाचे कोच त्यांना थंडीतल्या मिशिगनला घेऊन गेले. बब्बा स्मिथ हा टेक्सासच्या बोमाँटचा, जॉर्ज वेबस्टर साऊथ कॅरोलिनाचा, आणि या टीमने १९६५-६६ ला धुमाकूळ घातला. म्हणजे पोरं जन्मली दक्षिणेत आणि नाव झालं मिशिगनचं. तेव्हा कोणी नुसत्या टीमा बघून नकाशा काढला असता तर काय दिसलं असतं विचार करा.

इथे मला गप्प बसवेना. आमच्याकडे एक वाक्य लहानपणापासून ऐकतोय, फुटबॉल सासष्टीचा, म्हणजे दक्षिण गोव्यातल्या मडगावकडच्या तालुक्याचा, आणि क्रिकेट, कबड्डी आमची. जणू रक्तातच आहे. अरे, गोव्यात फुटबॉल आणला फादर लायन्स या पाद्रींनी, १८८३ ला, तेपण उत्तरेकडच्या बार्देसात शिवोलीला, सासष्टीला नाही! सासष्टीत पुढे वाढला कारण गावोगावी चर्चजवळ मैदान, भात कापलं की शेतातपण खेळ, फेस्ताला, म्हणजे चर्चच्या उत्सवाला स्पर्धा, आणि चर्चिल ब्रदर्ससारखा क्लब दाराशी. ब्रह्मानंद शंखवाळकर ताळगावचे, भारताचे कॅप्टन झाले, २०२२ ला पद्मश्री मिळाली. महेश गवळी, समीर नाईक पण आहेतच की. आता साखळीला सेसा या खाण कंपनीची फुटबॉल अकादमी आहे, आमच्या पोरांना निदान बघायला तरी मिळतं. आम्हाला ते नव्हतं.

आम्हाला एकदा मडगावला सिलेक्शन ट्रायल होती, सकाळी सातला. गावातली पहिली बस सहाला. डिचोली, मग पणजी, मग मडगाव, तीन बसा बदलून मी आणि माझा दोस्त पोचलो तेव्हा साडेआठ होऊन गेलेले आणि एकजण खेळाडूंचे बिब (वरून घालायचे रंगीत बनियन) गोळा करून पोत्यात भरत होता. दोस्त डाव्या पायाचा, पंचक्रोशीत त्याला कोणी पकडू शकत नव्हतं. त्याने एकदा तरी पळून दाखवतो म्हणून विचारलं, तो माणूस म्हणाला पुढच्या वर्षी लवकर या. मार्केटजवळ आम्ही भाजीपाव खाल्ला आणि परतीच्या बसमध्ये ठरवलं की पुढच्या वेळी आदल्या रात्रीच त्याच्या मामाकडे नावेलीला जाऊन झोपायचं.

पुढच्या वर्षी ट्रायल कधी झाली ते आमच्यापर्यंत आलंच नाही. मामांनी मात्र दोन वेळा फोन करून विचारलं, येताय ना रे पोरांनो.