येताना लवकर कसं?

काल रात्री भाचीला सोडायला मुंबई विमानतळाच्या टी-टूला, म्हणजे टर्मिनल दोनला, गेलो होतो. ती निघाली लंडनला, शिकायला. आत सोडत नाहीत, त्यामुळे निरोप काय तो बाहेर गेटवरच. बॅग वजनात बसावी म्हणून एक लाडवांचा डबा तिथेच परत आला, त्यावर आई अजून फुगलेली आहे.

गाडीत आईचा प्रश्न, "किती लांब गं ते?" म्हटलं, सरळ हवाई अंतर साधारण ७,२०० किलोमीटर. जाताना साडेनऊ-दहा तास, येताना तासभर तरी कमी.

"रस्ता तोच ना? मग येताना लवकर कसं?"

आता आली का पंचाईत! मग सांगितलं, वर दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, जेट स्ट्रीम म्हणतात त्यांना. जाताना ते अंगावर येतात, येताना पाठीवर घेतात. त्यात हिवाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आणि उन्हाळ्यात साडेचार, म्हणजे तिकिटावरच्या वेळा बघून हिशोब केला तर आणखी गोंधळ.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पोचली की फोन करायला सांग. वारा कुठूनही असो." आणि डबा उघडला.