पंचवटीतले १००१ डबे

आज मुंबईहून परतताना पंचवटी एक्स्प्रेसमध्ये 'स्नोपिअर्सर' सिनेमाची मूळ फ्रेंच ग्राफिक नॉव्हेल, म्हणजे चित्रकादंबरी (इंग्रजीतून) वाचून संपवली. १९८२ची. गोठलेल्या जगात न थांबता धावणारी १००१ डब्यांची गाडी. गरीब शेपटाकडे, मालदार इंजिनाकडे. आणि मी कल्याणपासून दाराजवळ, एका पायावर!

सिनेमाचे कोरियन दिग्दर्शक बाँग जून-हो यांना हे पुस्तक २००५ साली सोलच्या एका दुकानात दिसलं आणि त्यांनी ते तिथेच उभ्या उभ्या वाचून काढलं. सिनेमा आला २०१३ मध्ये. गाडी तीच, पण प्रवासी सगळे नवे. पुस्तकावरच्या सिनेमात असे बदल केले की पूर्वी मला ती सरळ फसवणूक वाटायची. आज वाटली नाही. पुस्तकातला नायक एकटाच मागून निसटतो, पकडला जातो आणि शिपाई त्याला पुढे नेतात. सिनेमात मागचे सगळेच बंड करून उठतात. दोन तास माणसाला खुर्चीत धरून ठेवायचं तर ते हवंच.

पण पुस्तकातली घुसमट काही पडद्यावर आली नाही बुवा. कसारा घाटात बोगदा आला, खिडकी काळी झाली, पानावरचा चौकोनही काळाच. क्षणभर कुठली गाडी तेच कळेना.

शेजारचे पासवाले काका मघापासून डोकावत होते. "आपलीच गाडी काय रे ही?"

"हो काका, फक्त ही कुठेच थांबत नाही."

"मग इगतपुरीला वडा कसा घेणार?"