बिनघोड्याचे पिस्तूल

आमच्या घरातल्या पिस्तुलाची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो आहे आणि ती दर दिवाळीला थोडी वाढत गेली आहे. १९४८ च्या पावसाळ्यात, निजामी अमलाचे शेवटचे दिवस भरत आले असताना, रझाकारांची टोळी गोदाकाठच्या आमच्या गावात शिरली. तेव्हा आबा, म्हणजे माझे आजोबा, माळवदावर उभे राहिले, त्यांनी पिस्तुलाचा घोडा खट्कन मागे ओढला आणि त्या नुसत्या आवाजानेच टोळी आल्या पावली परत फिरली. वडील ही गोष्ट सांगताना ‘खट्कन’ या शब्दावर थोडे थांबत आणि ऐकणारा दचकला की पुढे सरकत. माझ्या लहानपणी टोळीत दहा-बारा जण असत. माझ्या लग्नापर्यंत त्यांचे पन्नास झाले होते.

वडील सत्तर वर्षांचे झाले तेव्हा, २०१८ साली, हे पिस्तूल माझ्या नावावर करण्याचे त्यांनी मनावर घेतले. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे परवानाधारकाने वयाची सत्तर वर्षे पूर्ण केली किंवा शस्त्र पंचवीस वर्षे बाळगले, की वारसाला ते त्याच्या हयातीतच मागता येते. ‘घे बाबा एकदाचं, मला आता कपाटाची किल्लीसुद्धा सापडंना झाली,’ असे ते म्हणाले आणि मी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या पायऱ्या चढू लागलो. अर्ज, पोलीस पडताळणी, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, आत्याची संमती असे सगळे यथावकाश पार पडले. त्या फेऱ्यांचे वर्णन करून वाचकाला पुन्हा त्या रांगेत उभे करण्याची माझी इच्छा नाही.

वस्तू हातात आली ती एका जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली. वजन सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे मोठ्या नारळाहून जास्त नव्हे. पण ते सगळे मुठीत एकवटल्यामुळे मनगटाला आहे त्यापेक्षा जड वाटते. नळीच्या वर आणखी एक नळी असावी असा भास होतो, म्हणून आमची आजी त्याला ‘दुमजली’ म्हणत असे. ती वरची नळी नसून स्प्रिंगचे घर आहे, हे मला शहरातल्या बंदूक दुरुस्तीच्या परवानाधारक दुकानातल्या वयस्कर कारागिराने सांगितले. मुठीच्या काळ्या रबरी पट्टीवर एका पिस्तुलाचेच चित्र कोरलेले आहे आणि त्याखाली एफ एन अशी अक्षरे आहेत. स्वतःचीच तसबीर अंगावर वागवणारी दुसरी वस्तू माझ्या पाहण्यात नाही. पुढाऱ्यांच्या गाड्या मी यातून वगळतो.

कारागिराने भिंग लावून खुणा वाचल्या. बेल्जियममधल्या लिएजजवळच्या हर्स्टालचा कारखाना, अमेरिकेच्या युटा प्रांतातल्या जॉन ब्राउनिंगचे पेटंट, १९०० चे मॉडेल, .३२ बोअर. लंबगोलातली ई एल जी ही अक्षरे म्हणजे लिएजच्या चाचणीघराचा शिक्का. त्यावरचा मुकुट १८९३ पासून आला. १९०९ साली हार्बिन स्टेशनवर कोरियाच्या आन जुंग-ग्यूनने जपानचे माजी पंतप्रधान इतो यांच्यावर गोळ्या झाडल्या, त्याही याच मॉडेलातून. वडिलांना हे कळले तेव्हा त्यांची मान जरा ताठ झाली, जणू त्या प्रकरणाशी आपलेही लांबचे नाते निघाले होते. मला मात्र खालच्या बारीक अक्षरांनी अधिक रमवले. ‘ब्रेव्हेते एस. जी. डी. जी.’ याचा अर्थ असा, की पेटंट दिलेले आहे, परंतु सरकार त्याची हमी घेत नाही. इतके रोखठोक वाक्य कुठल्याही सरकारच्या नावाने पोलादावर कोरलेले पाहून मला त्या काळाबद्दल आदर वाटला. सुरक्षेच्या खटक्यापाशी दोन शब्द आहेत, एक ‘फ’ म्हणजे आग आणि दुसरा ‘स्यूर’ म्हणजे सुरक्षित. आमच्या घरात कोणालाही फ्रेंच येत नसल्यामुळे हा दुसरा शब्द ‘सूर’ असा वाचला जाई आणि पिस्तूल सुरात आहे ना, एवढे पाहून ते कपाटात ठेवले जाई. अर्थ माहीत नसताना आचरण बिनचूक असल्याची अशी उदाहरणे थोडी असतील.

जाता जाता मी त्या कारागिराला आबांची गोष्ट सांगितली. त्याने ती शेवटपर्यंत ऐकून घेतली, पिस्तूल आडवे धरले आणि विचारले, ‘साहेब, यात घोडा कुठंय?’

खरोखरच घोडा नव्हता. रिव्हॉल्व्हरला पाठीमागे जो अंगठ्याने ओढायचा घोडा असतो, तो या पिस्तुलाला बाहेर नाहीच. गोळीवर आपटणारी खीळ आतल्या आत सरकते. म्हणजे ‘खट्कन’ या शब्दावर सत्तर वर्षे उभी असलेली आमची गोष्ट बेल्जियमच्या कारखान्यातच निकालात निघाली होती. त्याने नळीत उजेड पाडून आणखी एक निदान केले. गोळीला फिरकी देणारे आतले पीळ अजून धारदार आहेत, तेव्हा यातून फार गोळ्या गेलेल्या नाहीत. मात्र उजव्या अंगाला गंजाचे खड्डे आहेत, देवीचे व्रण असावेत तसे, आणि ते एकाच बाजूला का, हे कोडे आहे.

पिस्तुलाबरोबर पत्र्याच्या नळकांड्यात दोन कागद होते, दोन्ही उर्दूत. निजाम सरकारचा कारभारच उर्दूत चाले, त्यामुळे आमच्याकडच्या जुन्या वाड्यांत असे कागद निघतात आणि वाचणारे मात्र आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. परभणीतल्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांनी चष्मा कपाळावर चढवून ते वाचून दिले. पहिला कागद परवान्याचा, ‘१२ दै १३४३ फसली’ या तारखेचा. फसली सालात ५९० मिळवायचे, म्हणजे १९३३ आणि दै हा त्यांचा दुसरा महिना, तेव्हा नोव्हेंबर. दुसरा कागद पावतीचा. निजामाने आबांना खूश होऊन हे पिस्तूल बक्षीस दिले, असा आमच्या घरातला समज त्या पावतीने मोडला. सत्तर रुपये हाली, म्हणजे निजामाच्या चलनात, मोजून ते हैदराबादेत विकत घेतलेले होते. सात हाली रुपयांचे सहा कलदार होत, त्या हिशेबाने इंग्रजी मुलखातले साठ रुपये. आबांनी घासाघीस केली असणार याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. ते वांगीसुद्धा घासाघीस केल्याशिवाय घेत नसत.

गंजाचे कोडे आत्याने सोडवले. संमतीच्या कागदावर सही करायला ती आली होती. १९४८ साली ती दहा वर्षांची होती आणि वडील पाळण्यात होते, तेव्हा गोष्ट सांगण्याचा हक्क खरे तर तिचा. पण तिला आजवर कोणी विचारलेच नव्हते.

‘कशाचा घोडा अन् कशाचं काय,’ ती म्हणाली, ‘ते तर पेवात होतं.’

पेव म्हणजे जमिनीत खणलेले ज्वारीचे कोठार, तोंडाशी निमुळते आणि पोटात रांजणासारखे फुगलेले. रझाकार हत्यारे ओढून नेतात अशी बोलवा झाली, तेव्हा आबांनी पेव भरताना तेलाच्या फडक्यात बांधलेले पिस्तूल ज्वारीत सोडले आणि वरून तोंड लिंपून टाकले. पेव भर पावसाळ्यात उघडता येत नाही, पाणी मुरून धान्य सडते. आणि उघडले तरी आत लगेच उतरता येत नाही, कोंडलेल्या हवेने माणूस गुदमरून मरतो, म्हणून आधी कंदील सोडून पाहतात. त्यामुळे सप्टेंबरच्या त्या दिवसांत आमचे शस्त्र दोन पुरुष खोल ज्वारीखाली झोपलेले होते. दिवाळीनंतर पेव उघडले, तेव्हा फडके एका बाजूने सरकलेले निघाले. गंज तिथला.

‘मग रझाकार आले तेव्हा?’

‘आपल्या गावात आलेच नाहीत. शेजारच्या गावात आले होते.’ थोडे थांबून ती पुढे म्हणाली, ‘पोलीस ॲक्शननंतरचे दिवस वाईट गेले. १७ सप्टेंबरला निजाम शरण आला अन् मग इकडं मुसलमानांवर सूड उगवणं सुरू झालं. आपल्या पिंजाऱ्याचं घरदार आठ दिवस माजघरामागच्या अंधाऱ्या खोलीत होतं. बाहेर माणसं जमली, तर आबा दारात कंदील घेऊन उभे राहिले. म्हणाले, मध्ये बाळंतीण हाय, आत कुणी यायचं नाही.’

‘बाळंतीण होती?’

‘होती की. आपली आई. तुझा बाप सव्वा महिन्याचा होता.’

वडील हे सगळे ऐकत बसले होते. ते काही बोलले नाहीत, फक्त चहा निवला असल्याची तक्रार केली. पुढच्या वेळी पाहुण्यांसमोर त्यांनी तीच माळवदाची गोष्ट सांगितली; टोळी पन्नासांचीच होती, मात्र ‘घोडा’ या शब्दापाशी त्यांनी माझ्याकडे चोरून पाहिले आणि ‘चाप’ असे म्हणाले.

पिस्तुलाचा खरा मान आमच्याकडे खंडेनवमीला. देवघरापुढे पाट मांडून त्यावर विळा, कुऱ्हाड, खुरपी, पाभरीचा फण आणि मधोमध पिस्तूल ठेवायचे, हळदकुंकू वाहायचे आणि झेंडूचे फूल ठेवायचे. मुठीवरच्या चित्रातल्या चिमुकल्या पिस्तुलाच्या रेघांत इतक्या वर्षांचे कुंकू घट्ट बसले आहे. कारागीर ते टाचणीने कोरून काढणार होता. मी त्याचा हात धरला.

२०१९ साली खंडेनवमी आली ती विधानसभेच्या आचारसंहितेत. शस्त्र तालुक्याच्या ठाण्यात जमा करून मी पावती आणली होती. सकाळी उठून पाहतो तो वडिलांनी पाट मांडलेला, विळा, कुऱ्हाड, खुरपी ओळीने ठेवलेली आणि मधोमध ती पावती, वर हळदीची आणि कुंकवाची बोटे आणि एक टपोरे झेंडूचे फूल. निकालानंतर मी ती घेऊन ठाण्यात गेलो. हवालदाराने घडी उलगडली, डाग पाहिला, माझ्याकडे पाहिले आणि पावती फाईलला लावण्याआधी तिच्यावरची झेंडूची चिकटलेली पाकळी नखाने अलगद सोडवून टेबलाच्या कडेला ठेवली.