चौथे इंजेक्शन

लग्नसराई तोंडावर आली असताना एका सोमवारी सकाळी कोल्हापूरच्या सुभाषनगरातील एक चप्पल कारागीर राजारामपुरीतल्या माझ्या फिजिओथेरपी केंद्रात आले. वय 46, उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला 14 महिन्यांपासूनचे दुखणे, म्हणजे टेनिस एल्बो, आणि फाइलमध्ये तीन स्टेरॉइड इंजेक्शनांच्या नोंदी. त्यांना माझे उपचार नको होते. चौथे इंजेक्शन घ्यावे की नाही एवढेच विचारायचे होते, आणि उत्तर ‘घ्या’ असेच हवे होते.

“सुई बसली की आठवड्यात हात मोकळा हुतोय बघा, मॅडम. सिजन तेवढा निघू दे.”

मी बाही वर करायला सांगितली. कोपराच्या हाडावर रुपयाच्या नाण्याएवढी कातडी पांढरी पडून आत बसली होती आणि इतकी पातळ झाली होती की खालच्या बारीक शिरा दिसत होत्या. वारंवार दिलेल्या स्टेरॉइडने असे होते. पकड मोजण्याचे यंत्र हातात दिले, तर दुखू न देता डाव्या हाताने 38 किलो भरले आणि उजव्याने 9. रापीने जाड चामडे कापणाऱ्या माणसाचा तो उजवा हात होता.

इंजेक्शनाने आराम पडतो हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते, आणि तीच खरी अडचण होती. नेदरलँड्समध्ये 185 रुग्णांवर झालेल्या आणि 2002 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा आठवड्यांनी इंजेक्शन घेतलेले 92 टक्के रुग्ण सुधारले होते, तर फिजिओथेरपीचे 47 आणि नुसती वाट पाहणारे 32 टक्के. वर्ष उलटल्यावर मात्र हेच आकडे अनुक्रमे 69, 91 आणि 83 झाले. (वाट पाहणाऱ्यांचा 83 हा आकडा आमच्या व्यवसायाला फारसा सुखावणारा नाही, पण तो लपवण्यात अर्थ नाही.) ऑस्ट्रेलियातील 2013 च्या चाचणीतही स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी 54 टक्क्यांचे दुखणे उलटले, औषध नसलेली सुई टोचलेल्यांत हे प्रमाण 12 टक्के होते. जुनाट टेनिस एल्बोमध्ये मनगट वर उचलणाऱ्या स्नायूला हाडाशी जोडणारा कंडरा झिजून त्याचे तंतू विस्कटलेले असतात, सूज फारशी नसतेच. त्यामुळे सूज उतरवणारे औषध वेदना दाबते, कंडरा मात्र सांधत नाही.

हे मी त्यांच्याच फाइलवरून दाखवले. पहिल्या सुईचा आराम चार महिने टिकला होता, दुसरीचा दोन, तिसरीचा जेमतेम पाच आठवडे. ते बराच वेळ त्या तारखांकडे पाहत राहिले.

मग त्यांनी पीआरपीचे, म्हणजे रक्तातल्या प्लेटलेट्सनी भरलेल्या द्रवाच्या इंजेक्शनाचे, विचारले. शेजाऱ्याने बरेच पैसे मोजून स्वतःच्याच रक्तातला तो भाग टोचून घेतला होता. स्टेरॉइडशी तुलना केली की पीआरपी उजवे दिसते, पण वर्षअखेर स्टेरॉइडच मागे पडत असेल तर त्याच्यापुढे जाण्यात मोठेसे काही नाही. औषधाविना टोचलेल्या सुईशी तुलना करणाऱ्या अभ्यासांच्या 2021 मधील आढाव्यात लक्षणीय फायदा आढळला नाही. दुखऱ्या जागी ध्वनिलहरींचे धक्के देणाऱ्या शॉकवेव्ह उपचाराचे निष्कर्ष उलटसुलट आहेत. उपचारासाठीचे अल्ट्रासाउंडचे यंत्र माझ्याकडेही आहे. त्याच्या भरवशावर मी कोणाला बरे होण्याचा शब्द देत नाही. कोपराखाली बांधायचा पट्टा ते वापरतच होते, पण नेमका दुखऱ्या हाडावर. तो दोन बोटे खाली, स्नायूवर सरकवला तेव्हा पकड मोजण्याच्या यंत्राचा काटा 13 वर गेला.

दुपारी मी त्यांच्या कामाच्या जागी गेले. जमिनीवर बसून, मनगट मागे मोडून, हातोड्याची बारीक मूठ आवळून ते तळ ठोकत होते. व्यायाम तिथेच ठरला: पुढचा हात मांडीवर टेकवायचा, डाव्या हाताच्या आधाराने उजवे मनगट वर न्यायचे आणि अर्धा किलोचे वजन फक्त खाली, पाच मोजत, सावकाश सोडायचे. थोडे दुखले तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेले असेल तर वजन कमी करायचे. मुठीला चामडे गुंडाळून ती जाड करण्याचे मी सुचवायच्या आतच त्यांनी तुकडा शोधायला घेतला.

“म्हंजे सिजन गेलाच की.”

“निम्मा,” मी म्हणाले. जाड कापकाम पुतण्याकडे गेले आणि हे नाराजीने चपलेवरच्या वेणीच्या नाजूक कामाला बसले.

तीन महिन्यांनी उजव्या हाताने 27 किलो भरले. भरलेली बादली अजून ते डाव्या हातानेच उचलतात. कोपरावरचा पांढरा डाग तेवढाच आहे.