नक्षीदार अक्षर, ओला साबण

हाताने साबण बनवणाऱ्या एका ताईंचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा नाव, रंग आणि फॉण्ट हे सगळं आधीच ठरलेलं होतं. ते नाव तीन ठिकाणी बसवून द्यायचं, एवढंच माझं काम: साबणावर दाबायचा ठसा, खोक्यावर मारायचा रबरी शिक्का आणि दोऱ्याने बांधायचा टॅग. फॉण्ट एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी जाहिरातींच्या वळणाचा. प्रत्येक जाड रेघेच्या पोटातून एक बारीक पांढरी रेघ, उजवीकडे खाली सावली, टोकं दुभंगून बाहेर वळलेली, आणि पहिल्या नि शेवटच्या अक्षराला लांबलचक शेपट्या. देखणा होता, यात वाद नाही. पण स्क्रीनवर ताई तो वीतभर मोठा करून बघत होत्या.

साबण तळहातावर मावणारा. ठसा फार तर ४० मिलिमीटर रुंद होणार. तेवढ्यात नाव बसवलं, तर अक्षराची उंची आली ७ मिलिमीटर, म्हणजे फॉण्ट साधारण २८ पॉइंटचा. फॉण्टमधलं अक्षर बहुतेक वेळा १००० एककांच्या चौकटीत आखलेलं असतं. २८ पॉइंटला ती चौकट जवळपास १० मिलिमीटरची होते, म्हणजे एक एकक ०.०१ मिलिमीटरचं. फाइल उघडून मोजलं. पोटातली पांढरी रेघ १८ एककं, म्हणजे ०.१८ मिलिमीटर. अक्षर आणि सावली यांच्यातली फट १२ एककं, केसाहून जरा जास्त. साबणाच्या ठशात मी १ मिलिमीटरच्या खालची रेघ ठेवत नाही.

साध्या कागदावर खऱ्या मापात छापून ताईंपुढे ठेवलं.

“हे एवढंसं? आणि सावली कुठे गेली?”

“आहे की. चष्मा लावा.”

त्या हसल्या, पण माघार घेईनात. साबण त्या बनवतात, मी नाही. तो कुठवर साथ देतो ते त्यांनाच जास्त ठाऊक, हा त्यांचा मुद्दा रास्तच होता. मग ॲक्रिलिकवर लेझरने कच्चा ठसा कोरून घेतला, फॉण्ट जसाच्या तसा ठेवून.

चाचणीला त्या ताजा कापलेला साबण घेऊन आल्या. कॉस्टिक सोडा आणि तेलं एकत्र करून ओतलेला साबण साच्यातून काढला की ठसा मारायची एक वेळ असते. घाई केली तर साबण ठशाला चिकटतो, उशीर झाला तर कडेने तडकतो. ताई वडीची कड बोटाने दाबून बघत होत्या. “आता,” म्हणाल्या, आणि ठसा ठेवून रबरी हातोडीचा एक नेमका ठोका दिला.

ठसा उचलला. सावली आणि अक्षर यांच्यामध्ये साबणाची जी पातळ भिंत उभी राहायला हवी होती, तिचा पत्ताच नव्हता. दोन्ही मिळून एकच ढोबळ खड्डा झालेला. पोटातली रेघ अर्धी साबणावर, अर्धी ठशात. आणि इंग्रजी ‘ए’च्या पोकळीतला त्रिकोणी तुकडा मुळासकट उपटून ठशात जाऊन बसलेला. ताईंनी टाचणीने तो काढून तळहातावर घेतला. तिळाएवढा होता. गंमत म्हणजे ज्या शेपट्यांची मला सर्वांत जास्त धास्ती होती, त्या झकास उठल्या होत्या. फक्त निमुळतं टोक तेवढं विरलं होतं.

“मग तेव्हाच्या लोकांनी एवढी नक्षी छापली कशी?” ताईंनी विचारलं. प्रश्नात थोडा राग होता, पण प्रश्न नेमका होता.

मोठी करून छापली. १८२७ साली न्यूयॉर्कमध्ये डॅरियस वेल्सने लाकडी टाइप, म्हणजे छपाईचे अक्षरांचे ठोकळे, यंत्राने कोरायची रीत काढली. १८३४ मध्ये विल्यम लेव्हनवर्थने त्याला पॅन्टोग्राफची, म्हणजे आकृती लहानमोठी करून गिरवणाऱ्या जोडदांड्यांची, जोड दिली. त्यामुळे एका नमुन्यावरून हव्या त्या मापाचं अक्षर कोरता येऊ लागलं. शिशाचं अक्षर एवढं मोठं ओतलं की जड व्हायचं आणि थंड होताना पृष्ठभाग असमान व्हायचा. लाकूड हलकं आणि स्वस्त. नक्षीची चढाओढ रंगली ती अशा लाकडी टाइपांनी छापलेल्या, भिंतीवरच्या पोस्टरांत. धातूच्या टाइपात तर प्रत्येक मापाचं अक्षर वेगळं कोरलेलं असे. लहान मापात रेघा जरा जाड, पोकळ्या जरा मोकळ्या. आपल्या फॉण्टात बहुधा एकच रेखाटन असतं, आणि ते पोस्टरपासून काडेपेटीपर्यंत ताणायचं नाहीतर दाबायचं.

सांगता सांगता दुसरी एक गोष्ट आठवली आणि काम तिथून सुटलं. लाकडी टाइप बनवणाऱ्या विल्यम पेजचा रंगीत टाइपांचा नमुनाग्रंथ १८७४ सालचा आहे. त्यातल्या अक्षराचा प्रत्येक रंग म्हणजे वेगळा ठोकळा. एकावर एक छापले की नक्षी पुरी होते. ताईंचा फॉण्ट त्याच घराण्यातला निघाला. फोल्डरमध्ये अंग (म्हणजे नक्षीविना नुसतं अक्षर), आतली रेघ आणि सावली यांच्या वेगवेगळ्या फाइली होत्या. ताईंनी फक्त सगळं एकत्र केलेली फाइल उघडली होती. मग वाटणी सोपी झाली. साबणावर नुसतं अंग. शिक्क्यावर अंग आणि सावली, तीही मधली फट रुंदावून, कारण शिक्क्याची शाई पसरते. टॅगवर दोन रंगांत सगळी नक्षी.

त्याच फोल्डरमध्ये परवान्याची फाइलही होती आणि तिच्यात साफ लिहिलं होतं: फक्त वैयक्तिक वापरासाठी. विकायच्या मालावर हा फॉण्ट चालणार नव्हता. ताईंनी व्यावसायिक परवाना घेतला, आणि अक्षरांचे आकार बदलायचे म्हणून मी फॉण्ट करणाऱ्याला मेल टाकून होकार मिळवला. आपल्या वस्तूची कुणी नक्कल केली की हस्तकलावाले चिडतात ते बरोबरच, पण फुकट उतरवलेल्या फॉण्टच्या बाबतीत हीच मंडळी सोयीस्कर आंधळी होतात, असा माझा अनुभव आहे. ताई तशा निघाल्या नाहीत.

‘ए’ आणि ‘आर’च्या पोकळ्या मोठ्या केल्या, शेपट्यांची टोकं बोथट केली. शेपटी शेजारच्या अक्षरावरून जाते तिथे दोन्ही आकार जोडून एक केले; नाहीतर छेदाच्या जागी कोरीव कामात भोक पडू शकतं. घटकांची यादी मराठीत हवी होती आणि या फॉण्टात देवनागरी नव्हतीच. ताईंच्या भाच्याने साध्या देवनागरी फॉण्टला सॉफ्टवेअरमधून बाह्यरेषा देऊन जुनेपणा आणायचा प्रयत्न केला होता. शिरोरेषेवर जिथे जिथे दोन अक्षरं भेटत होती तिथे तिथे उभी चीर दिसत होती. मी ते काढून साधी, मध्यम जाडीची देवनागरी लावली. नक्षीदार नावाशेजारी यादी गुमान वाचता यावी, बस.

नवा ठसा पितळेचा केला. या वेळी तो साबणातून स्वच्छ सुटला आणि तिळाएवढे त्रिकोण वडीवरच राहिले. असा साबण चार ते सहा आठवडे वाळवतात. पाणी उडतं तसा तो किंचित आक्रसतो. वाळलेल्या वडीचा फोटो ताईंनी पाठवला. अक्षर शाबूत होतं.

फोटोखाली प्रश्न होता: वडी मोठी केली, तर सावली येईल का?

मी हिशोब करून कळवलं. ती फट १ मिलिमीटरची करायची तर ठसा सुमारे ३३० मिलिमीटर रुंद लागेल, म्हणजे फूटभराहून मोठी वडी. उत्तर लगेच आलं: “मग पाटीच करू या. लाकडाची.” सावली, पोटातली रेघ, शेपट्या, सगळं घालून तिचं रेखाटन मी कालच पाठवलं. त्यांना सावली आणखी गडद हवी आहे.