पट्ट्या विरघळल्या, जबडा जागेवर

काल दादरला आईने कैरीची फोड पुढ्यात ठेवली आणि मी ती पुढच्या दातांनी कचकन तोडली. जबड्याच्या ऑपरेशनला ५ वर्षं झाली. आधी खालचा जबडा इतका पुढे, की वडापावही दाढेनेच तोडायचे.

ऑपरेशनमध्ये कापलेलं हाड धरून ठेवायला टायटॅनियमऐवजी पॉलिलॅक्टिक आम्लाच्या, म्हणजे शरीरात विरघळणाऱ्या, पट्ट्या नि स्क्रू बसवले होते. शरीरातल्या पाण्याने त्या हळूहळू तुटत जातात. शेवटी उरतं कार्बन डायऑक्साइड नि पाणी. "विरघळल्यावर जबडा सरकला तर गं?" आईचा घोर. पण हाड साधारण ६ ते ८ आठवड्यांत सांधू लागतं, पट्ट्या त्यापुढेही महिनोन् महिने धरून असतात. सरकायची भीती मुख्यतः पहिल्या वर्षात. म्हणूनच दातांतले रबरबँड मी लोकलच्या गर्दीतही चुकवले नाहीत.

परवा डॉक्टरांनी ऑपरेशननंतरच्या जुन्या एक्स-रेवर नवा ठेवला. हनुवटीची रेघ रेघेवर बसली. आईने दोनदा बोट फिरवून पाहिलं.