गॅस क्रोमॅटोग्राफ (नादुरुस्त), १ नग

रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यालगत, फळांवरील कीटकनाशकांचे अवशेष तपासणाऱ्या एका संशोधन प्रयोगशाळेत मी विकिरण सुरक्षेचे काम पाहते. मे महिन्याच्या अखेरीस तेथे निर्लेखित सामानाचा लिलाव उरकला जातो, कारण एकदा पाऊस लागला की उघड्यावरचे लोखंड बघता बघता गंजते आणि भंगारवाले भाव पाडतात. त्या वर्षीच्या यादीत लोखंडी कपाटे आणि एका शीतकपाटाच्या खाली ‘गॅस क्रोमॅटोग्राफ (नादुरुस्त), १ नग’ अशी ओळ होती. यादीवर सह्या झालेल्या होत्या, बोलीही लागली होती. माझ्याकडे ती केवळ ‘माहितीसाठी’ आली होती.

गॅस क्रोमॅटोग्राफ म्हणजे नमुन्यातील घटक वायुरूपात वेगळे करून डिटेक्टरने मोजणारे यंत्र. त्यात किरणोत्सर्गी पदार्थ असतोच असे नाही. ज्योतीवर चालणारा डिटेक्टर असेल तर त्या दृष्टीने काळजीचे कारण नसते. परंतु हे यंत्र ज्या काळात घेतले गेले त्या काळातील आमचे अहवाल मी वाचलेले होते, आणि त्यांत हापूसच्या सालीवरील एंडोसल्फानचे व तुडतुड्यांसाठी फवारलेल्या सायपरमेथ्रीनचे आकडे होते. क्लोरीन असलेले रेणू इतक्या सूक्ष्म प्रमाणात मोजण्यासाठी तेव्हा मुख्यतः इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टर, म्हणजे आमच्या बोलण्यातला ‘ईसीडी’, वापरला जाई. जेम्स लव्हलॉक यांनी १९५७ च्या सुमारास पुढे आणलेल्या या डिटेक्टरमध्ये किरणोत्सर्गी थरातून निघणारे बीटा कण वायूचे आयनीभवन करतात आणि एक स्थिर प्रवाह वाहत राहतो. क्लोरीनयुक्त रेणू आला की तो इलेक्ट्रॉन पकडतो, प्रवाह घटतो, आणि त्या घटीवरून रेणूचे प्रमाण कळते. हा थर बहुधा निकेल-६३ चा असतो.

मी मागच्या आवारात पोहोचले तेव्हा टेम्पो लागलेला होता आणि यंत्र त्याच्या फाळक्याला टेकवून ठेवले होते. “मॅडम, आभाळ भरून आलंय, एवढं चढवून घेऊ द्या,” असे भंगारवाले काका म्हणाले. त्यांची घाई रास्त होती, पैसे त्यांनी भरलेले होते. माझ्या तरुण सहकाऱ्याने तोवर किरणोत्सर्ग मोजणारा सर्व्हे मीटर यंत्राभोवती सावकाश फिरवून पाहिला होता. “मॅडम, काहीच दाखवत नाही. नेहमीएवढंच आहे. जाऊ द्यायचं का?” असे त्याने विचारले.

त्या दिवसातील खरा धोका या प्रश्नात होता, असे मला आजही वाटते. मीटर बिघडलेला नव्हता आणि मुलाचे मोजणेही चुकलेले नव्हते. निकेल-६३ गॅमा किरण सोडत नाही. त्याच्या बीटा कणांची कमाल ऊर्जा सुमारे ६७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे हवेतच ते काही सेंटीमीटरमध्ये थांबतात, मग डिटेक्टरची पोलादी भिंत ओलांडणे तर दूरच. बाहेरून मोजल्यास स्रोत शाबूत असतानाही मीटर गप्पच राहणार. शाबूत ईसीडीजवळ काम करणाऱ्याला म्हणूनच त्यापासून बाहेरून अपाय होत नाही. पण तोच डिटेक्टर भंगाराच्या गोदामात छिन्नीने फोडला किंवा भट्टीत गेला, तर निकेल धुळीवाटे श्वासात आणि हातांवाटे पोटात जाऊ शकते.

हातमोजे घालून मी यंत्राच्या वरचे झाकण काढायला लावले. ओव्हनच्या माथ्यावर, उष्णतारोधक आवरणात, मुठीएवढा पोलादी ठोकळा होता. त्यावर रिव्हेट मारलेली एक पट्टी होती. खाऱ्या हवेने तिचा पिवळा रंग फुगून पोपडे धरले होते आणि तीन पात्यांच्या चिन्हाचे दीड पाते तेवढे शिल्लक होते. बॅटरीचा उजेड तिरपा पाडला तेव्हा खोदलेली अक्षरे उमटली: निकेल-६३, १५ मिलिक्युरी. म्हणजे ५५५ मेगाबेक्वेरेल (एक बेक्वेरेल म्हणजे सेकंदाला एक अणुविघटन). यंत्राला वीस वर्षे होत आली होती, पण निकेल-६३ चा अर्धायुकाल, म्हणजे किरणोत्सर्ग निम्मा होण्याचा काळ, जवळपास १०० वर्षांचा असल्याने त्यातील सुमारे ८७ टक्के क्रियाशीलता अजून तशीच होती.

डेडस्टॉक रजिस्टरमध्ये अख्ख्या यंत्राची एकच नोंद होती आणि आतील स्रोताचा उल्लेखही नव्हता. यंत्र मागवणारे शास्त्रज्ञ कधीच निवृत्त झाले होते व परवानगीची फाइल आस्थापना शाखेच्या कपाटात पडून होती.

लिलाव थांबवल्याने विभागप्रमुख नाराज झाले. “तुमचा फॉस्फरसचा कचरा ठेवता तसं हेही खोलीत ठेवून द्या, आपोआप विरेल,” असे त्यांनी सुचवले. वनस्पतींच्या खत-शोषणाच्या प्रयोगांत आम्ही फॉस्फरस-३२ वापरतो. त्याचा अर्धायुकाल १४.३ दिवसांचा असल्याने दहा अर्धायुकाल, म्हणजे पाचेक महिने, साठवले की क्रियाशीलता हजारांशाखाली येते आणि मोजून खात्री करून मग त्याची विल्हेवाट लावता येते. निकेलसाठी तेवढीच वाट पाहायची तर हजार वर्षे लागतील, हे मी त्यांना कागदावर मांडून दाखवले. दिल्लीतील मायापुरीचाही उल्लेख केला. २०१० मध्ये दिल्ली विद्यापीठाने लिलावात विकलेला जुना गॅमा सेल (नमुन्यांवर गॅमा किरणांचा मारा करणारे यंत्र) तेथील भंगार बाजारात फोडला गेला आणि त्यातील कोबाल्ट-६० मुळे एका कामगाराला जीव गमवावा लागला. आमचा स्रोत त्यामानाने किरकोळ होता, हे मान्य करायलाच हवे. पण वाट तीच होती. विभागप्रमुखांनी मग काही न बोलता स्थगितीवर सही केली.

डिटेक्टरची दोन्ही टोके टोप्यांनी बंद करून, बाहेरून ओलसर गाळणकागदाचे पुसणे घेऊन आम्ही तो नमुना मुंबईला द्रव-सिंटिलेशन मोजणीसाठी, म्हणजे विशेष द्रवात उमटणाऱ्या प्रकाशावरून क्षीण बीटा कणही मोजणाऱ्या तपासणीसाठी, पाठवला. गळतीचा प्रचलित निकष सुमारे २०० बेक्वेरेलचा आहे. आमचा आकडा त्याहून बराच खाली आला. यंत्र कुलुपाच्या खोलीत गेले, दारावर चिन्ह लागले, आणि अणुऊर्जा नियामक मंडळाकडे स्रोत पुरवठादाराला परत करण्यासाठी अर्ज गेला. पावसाळाभर पत्रव्यवहार चालला. शेवटी पुरवठादाराच्या अभियंत्याने येऊन डिटेक्टर न उघडता जसाच्या तसा काढला, वाहतुकीचे कागद पुरे केले आणि पोचपावती देऊन तो नेला.

उरलेले यंत्र दसऱ्यानंतर त्याच काकांनी उचलले, पण आधी “ती डबी काढलीत ना? तसं लिहून द्या,” असा आग्रह धरला. मी सहीशिक्क्यासह लिहून दिले. आता ते इतर संस्थांकडूनही तसाच कागद मागतात, आणि त्यापायी एका महाविद्यालयाने त्यांच्या बंद खोलीतील जुने यंत्र पाहून जायला मला बोलावले आहे.